भाव पडायची वाट

घरमालक वरच्या मजल्यावर राहायचे, म्हणून खालच्या घरात त्यांना 'वरचे' म्हणत. नळाला पाणी आलं नाही की वरच्यांची मर्जी, जिन्यातला दिवा लागला की वरच्यांची कृपा. एकोणीस वर्षं भाड्याने राहिलं की माणूस आपोआप आस्तिक होतो. तर एका शनिवारी सकाळी हे वरचे स्वतः जिना उतरून आले, खुर्चीवर टेकले आणि आपल्याला हे घर विकायचं आहे असं म्हणाले. तुम्ही अगदी घरच्यासारखे, म्हणून पहिल्यांदा तुम्हालाच विचारतो, असंही म्हणाले. मग त्यांनी किंमत सांगितली, तीत घरच्यासारखं काही नव्हतं. तीन महिन्यांत काय ते कळवा, नाहीतर जागा मोकळी करून द्या, एवढं बोलून त्यांनी चहा संपवला, बशी उलटी करून तडा गेलाय का ते पाहिलं, कारण बशीही त्यांचीच होती, आणि ते वर गेले.

खाली उरले दोघे. ती सत्तेचाळीस वर्षांची, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे. त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात रोवायचा, वरचा जबडा खालच्याशी जुळवायचा, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करायच्या. इमारतीतली पोरं तिला दातवाली म्हणायची, हळूहळू मोठेही म्हणायला लागले. ती चिडत नसे. दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात, तिचं तर बावीस वर्षं त्याच्यावरच भरत होतं.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्यांना सगळे सर म्हणत, घरातसुद्धा. लग्नानंतरचं 'अहो' जाऊन तिच्याही तोंडी 'सर' कधी आलं ते तिला नेमकं आठवत नव्हतं. घर घ्या, घर घ्या म्हणून दाताच्या कण्या करून ती थकली, त्याच्या आसपास कधीतरी असावं.

कारण घराबद्दल सरांचं मत पक्कं होतं. भाव पडणार. एकोणीस वर्षांपूर्वी गावाबाहेर एक नवी इमारत उठत होती, दोघांनी पैसे साठवले होते आणि नोंदणीच्या दिवशी सर शाळेतून रजा घेऊन गेले होते. संध्याकाळी पैशांसकट परत आले. म्हणाले, सकाळीच सगळी घरं संपली, रांग पार कोपऱ्यापर्यंत होती, आणि झालं ते बरंच झालं, कारण हे भाव काही टिकणारे नाहीत. त्याच महिन्यात दोघं वरच्यांकडे राहायला आले. तात्पुरते.

तेव्हापासून सर भाव पडायची वाट बघत होते. त्यासाठी त्यांनी वर्तमानपत्रातली कात्रणं जमवली, फायली केल्या, फायलींना पाठीवर वर्षं लिहिली. भाव मात्र चढत गेले. भाव सरांच्या वर्गात बसत नसल्यामुळे त्यांना सरांचा धाक नव्हता. आणि ती चारचौघांत हमखास म्हणायची की आमच्या सरांना सगळ्या जगाचा नकाशा पाठ आहे, त्यात स्वतःचं घर तेवढं सापडत नाही. लोक हसायचे. सरही हसायचे, ताटाकडे बघत.

आता वरच्यांनीच उठवायचं ठरवल्यावर वाट बघायला जागाच उरली नाही. सल्ला द्यायला मात्र जागोजागी माणसं निघाली. सगळ्यात आधी आली नणंद. तिची तीन घरं होती. एकात ती राहायची, दुसरं भाड्याने दिलेलं, आणि तिसऱ्याला कुलूप होतं. का, हे तिलाही सांगता येत नसे. तिने भावाकडे मायेने बघून म्हटलं की दादा, या वयात लोक घर नाही घेत, गुडघे बदलून घेतात. तिचे यजमान तर उंटावरून कधी उतरलेच नव्हते. ते म्हणाले, एक घर घ्यायला गेलात तर बुडाल, दोन घ्या, एकाच्या भाड्यात दुसऱ्याचे हप्ते फेडा. ज्याला एक परवडत नाही त्याने दोन घ्यावीत, या हिशोबाने ज्याला दोन वेळा जेवायला मिळत नाही त्याने पंगत घालायला हवी, असं दातवालीच्या मनात आलं. पण नणंदेचे यजमान पडले, म्हणून तिने त्यांना आणखी एक कप चहा दिला.

मुलगी दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकत होती. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, माझ्यासाठी म्हणून काही करू नका, मी काही तिकडे राहायला येणार नाही. मग जरा थांबून तिने विचारलं, माझ्या खोलीला खिडकी असेल ना.

बँकेतली मुलगी याच मुलीच्या वयाची होती. तिने सरांचं वय विचारलं, एकोणपन्नास ऐकून ती पडद्याकडे अशी बघायला लागली, जसा डॉक्टर छातीच्या फोटोकडे बघतो. सरांच्या नोकरीची नऊ वर्षं राहिली होती, तेव्हा कर्जही नऊ वर्षांत फिटायला हवं, म्हणजे हप्ता मोठा आणि कर्ज लहान. दातवालीने विचारलं, माझ्या पगाराचं काय? माझ्या लॅबमध्ये निवृत्तीच नाही, डोळे आहेत तोवर काम आहे. मुलगी गोड हसून म्हणाली की तेच तर अडचणीचं आहे. जिची कमाई बंद व्हायची तारीख ठरलेली नाही तिचा बँकेला भरवसा नव्हता, आणि ज्याची नऊ वर्षांनी नक्की बंद होणार त्याच्यावर बँकेचा पुरा विश्वास होता. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात किती उरलेत ते मोजतायत, असं बाहेर पडताना ती पुटपुटली. सर म्हणाले, म्हणूनच मी म्हणतो, थोडं थांबू या.

तरी घरं बघायला सुरुवात झाली. एजंट अत्तराचा वास पुढे पाठवून मागून स्वतः येणारा माणूस होता. अंधाऱ्या खोलीला तो थंड म्हणायचा, अरुंद खोलीला सुटसुटीत, आणि ज्या घराखाली रात्रंदिवस लोखंड कापायचं काम चाले त्याला म्हणाला, इथे एकटं म्हणून वाटायचं नाही. सर प्रत्येक ठिकाणी खिशातून होकायंत्र काढून दिशा बघायचे. नंतर एक काचेची गोटी काढायचे आणि जमिनीला उतार आहे का ते पाहण्यासाठी फरशीवर ठेवायचे. एका घरात ती गोटी घरंगळत घरंगळत थेट फ्रिजखाली गेली. घरमालक आणि त्याची बायको नको नको म्हणत असताना सरांनी फ्रिज ओढला. मागची अख्खी भिंत हिरवी होती. बायको नवऱ्याला म्हणाली, मी सांगत होते रंग लावून घ्या. नवरा म्हणाला, फ्रिज हलवायची अक्कल कोणाला येईल असं वाटलं नव्हतं. दोघांची जुंपली ती जुंपली, आणि गोटी परत न घेताच सर आणि दातवाली जिना उतरले. त्या दिवशी सर फार खुशीत होते. घर न घेण्यासाठी इतकं सबळ कारण त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

दोन महिने असे गेले. मग एजंटने एक जुन्या इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर दाखवलं. लिफ्ट नव्हती. व्यायामाचे पैसे वाचतील, एजंट म्हणाला, आणि दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत कठड्याला धरून उभा राहिला.

दार उघडलं ते पंचाहत्तरीच्या एका गृहस्थांनी. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासले होते, आणि ती सवय अजून सुटलेली नव्हती. एजंटने आत शिरता शिरता सांगायला सुरुवात केली की ही बैठकीची खोली, चांगली चौदा फुटी. निरीक्षक म्हणाले, तेरा फूट दोन इंच. एजंटने ते ऐकलं नाही असं दाखवून भिंतींची तारीफ सुरू केली. निरीक्षक म्हणाले, पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, दोनदा दुरुस्त केली, दोन्ही वेळा फसलो. स्वयंपाकघरातला नळ गळतो. शेजारी तुतारी शिकतो, तीन वर्षं शिकतोय, अजून येत नाही. खालचे भांडखोर आहेत, वरचे नाहीत, कारण वर गच्ची आहे. एजंटचा चेहरा दाढ ठणकत असल्यासारखा झाला.

सरांनी नवी गोटी फरशीवर ठेवली. ती जागची हलली नाही. त्याने सर आणखीच बेचैन झाले.

दातवालीचं मात्र यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. ती निरीक्षकांच्या तोंडाकडे बघत होती. सभ्यपणाचं नव्हतं ते, पण इलाज नव्हता. त्यांच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये एक बारीक फट होती, आणि ती फट तिने स्वतः ठेवली होती. चार वर्षांपूर्वी लॅबमध्ये एक साचा आला होता, त्याच्याबरोबरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की पुढच्या दोन दातांत फट ठेवणे, पेशंटचा आग्रह आहे. सगळं जग पैसे मोजून फटी बुजवून घेतं आणि हा कोण शहाणा, म्हणून लॅबभर हसू झालं होतं. लॅबच्या मालकाने तर चूक समजून ती कवळी एकदा परतही पाठवली होती. तिने दोनदा दात काढून पुन्हा रोवले, कागदाची घडी घालून घालून फट मोजली. बावीस वर्षांत तिने हजारो माणसांचे दात केले असतील, पण तिच्यापर्यंत माणूस कधी येत नसे, फक्त नंबर यायचा. आपले दात कोणाच्या तोंडात बोलताना ती आज पहिल्यांदा बघत होती. आणि बोलत काय होते, तर खरं.

घरी येताना सर म्हणाले की हा म्हातारा फार बेरकी आहे. इतके लहान लहान दोष स्वतःहून सांगतो, याचा अर्थ काहीतरी मोठं लपवतोय. पुढच्या रविवारी ते टेप घेऊन पुन्हा गेले, खोली मोजली. तेरा फूट दोन इंच. त्यांनी पुन्हा मोजली. एजंट जिन्यात गाठून म्हणाला की दुसरी एक पार्टी तयार आहे, उद्या पैसे टाकतायत, घाई करा. सरांनी घाबरून निरीक्षकांना विचारलं, तर निरीक्षक म्हणाले, दुसरं कोणी नाही. तुमच्याशिवाय दुसऱ्यांदा कोणी जिना चढलेलंच नाही.

यावर दुसऱ्या कोणाचाही जीव भांड्यात पडला असता आणि त्याने घर घेतलं असतं. सरांचाही जीव भांड्यात पडला, पण त्यांनी त्यावर झाकण ठेवलं. दुसरं गिऱ्हाईक नाही म्हणजे घाई नाही, घाई नाही म्हणजे थांबता येईल, आणि थांबलं तर भाव पडू शकतात. वरच्यांनी दिलेल्या मुदतीचे तेव्हा अकरा दिवस उरले होते.

तिसऱ्या वेळी तिनेच सरांना नेलं. शाळेला सुट्टी होती, दुपारचे चार वाजले होते, पलीकडे तुतारी चालू होती आणि निरीक्षकांनी सांगितल्याप्रमाणे ती खरोखरच येत नव्हती. निरीक्षकांनी दोघांना बसायला सांगितलं. सामान बरंचसं आवरलेलं होतं. गुडघ्यांमुळे तीन जिने होत नाहीत, म्हणून ते धाकट्या बहिणीकडे तळमजल्यावर राहायला चालले होते. सर इकडचं तिकडचं बोलले, पश्चिमेचा वारा, ओलीची कारणं, दगडी बांधकाम आणि विटांचं बांधकाम, आणि शेवटी म्हणाले की आम्ही विचार करून कळवतो.

दातवालीने एकदम निरीक्षकांना विचारलं की तुमच्या पुढच्या दातांतली फट मुद्दाम ठेवलीय का.

निरीक्षक चमकले. मग म्हणाले, हो. खरे दात होते तेव्हाही तिथे फट होती. बायको होती तोवर त्यावरून चिडवायची. ती गेली आणि वर्षाच्या आत दातही गेले. डॉक्टर म्हणाले, तरुणासारखे दात करून देतो. मी म्हटलं, तरुणासारखे नकोत, माझ्यासारखे द्या. आरशात कोणीतरी भलताच माणूस बघायचा मला कंटाळा होता.

"ती कवळी मी केलीय," ती म्हणाली.

निरीक्षकांनी रीतसर हात जोडले, जसे एखाद्या डॉक्टरला किंवा मोठ्या माणसाला जोडतात, आणि तिला कुठे बघावं ते कळेना. बावीस वर्षांत तिला तिच्या कामाबद्दल कोणी हात जोडले नव्हते. त्यांनी विचारलं, फट इतकी बरोबर कशी आली? ती म्हणाली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा आली. निरीक्षकांना हे उत्तर फार पटलेलं दिसलं. मग ते सरांकडे वळले.

"सर, एक विचारू? तुम्हाला भीती वाटते का?"

एकोणीस वर्षांत सरांना लोकांनी बरंच काही म्हटलं होतं. अभ्यासू, सावध, चिकित्सक, नणंदेच्या यजमानांनी एकदा चिकट. भीती वाटते का, असं मात्र कोणी विचारलं नव्हतं. सर होकायंत्राचं झाकण उघडत मिटत राहिले. तुतारी थांबली होती.

"रांग नव्हती," सर म्हणाले.

कोणती रांग ते निरीक्षकांना कळायचं कारण नव्हतं. तिला कळलं. सर तिच्याकडे न बघता सांगत गेले. त्या दिवशी नोंदणीच्या कचेरीत रांग नव्हती. चार माणसं होती. घरं भरपूर शिल्लक होती. कारकुनाने अर्ज पुढे केला, त्यावर हप्ते वीस वर्षं असं छापलेलं होतं आणि खाली सहीसाठी रेघ होती. सर म्हणाले, पेन आणतो. पेन खिशातच होतं. ते बाहेर पडले, समोरच्या बाकावर दुपारभर बसले, डबा खाल्ला आणि संध्याकाळी घरी येऊन रांगेचं सांगितलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

सरांनी मान वर केली. "कधीपासून?"

"त्याच आठवड्यापासून. कोणीतरी नोंदणी रद्द केली असेल, एखादं घर मिळेल म्हणून मी विचारायला गेले होते. कारकून म्हणाला, रद्द कशाला, अजून अकरा शिल्लक आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

जे तिने एकोणीस वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही, ते आता या जवळजवळ परक्या घरात, तेरा फूट दोन इंचांच्या खोलीत सांगायचं होतं.

"कारण त्याने अर्ज माझ्याही पुढे केला, अहो. पैसे घरातच होते. मीही घेतला नाही. मलाही ते वीस वर्षं वाचून पेन उचलवेना. पण तुम्ही आधीच पळालेले होतात ना, म्हणून माझी भीतीही मी तुमच्याच नावावर लावून टाकली. आणि मग जन्मभर तुम्हाला टोमणे मारत बसले."

नकाशात घर सापडत नाही म्हणून ती किती वेळा आणि कोणाकोणासमोर बोलली होती, ते तिला एकदम सगळं आठवायला लागलं, ताटाकडे बघून हसणाऱ्या सरांसकट. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि परक्या माणसासमोर आलं म्हणून तिला रागही आला.

निरीक्षक बिचारे अवघडले. नवरा-बायकोच्या मधे बसायचं कोणतंच प्रमाणित माप खात्याने त्यांना दिलेलं नव्हतं. ते उठले, चहा करतो म्हणाले, आणि दाराशी थांबून मागे वळले.

"तुमचं ऐकून मला वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण किंमत तीच राहील."

आधी सर हसले. मोठ्याने, ताटाकडे वगैरे न बघता. मग तिलाही हसू आलं, नाक पुसता पुसता. चहा येईपर्यंत सरांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं होतं. कागद अजून कोणताच नव्हता, पण पेन होतं.

त्यानंतरचं सगळं इतक्या भराभर झालं की लोकांना त्यात काहीतरी काळंबेरं वाटलं. बँकेने कुरकुरत कर्ज दिलं, उरलेलं फायलींच्या काळात साठलेल्या पैशांतून भागलं. घर न घेण्याचा एवढा एक फायदा झाला होता. नणंद म्हणाली, तिसरा मजला, आणि तेही लिफ्ट नसताना, दादा तुझं डोकं फिरलंय. एजंटने दोन्ही बाजूंकडून आपला वाटा घेतला आणि अशी खरं बोलणारी माणसं धंद्याला घातक असतात असं जाता जाता सांगितलं. वरचे मात्र खरोखर दुखावले. जागा सोडतोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्ही घेणार नाही? एकोणीस वर्षं ज्यांना भिंतीत खिळा ठोकू दिला नाही ती माणसं अशी निघून जातील ही कल्पनाच त्यांना नव्हती. दोन दिवसांनी त्यांनी किंमत उतरवली. चार दिवसांनी आणखी उतरवली. सामान टेम्पोत चढत असताना ते जिन्यात उभं राहून तिसरा आकडा सांगत होते, आणि सर कपाटाचं एक टोक धरून अदबीने म्हणत होते, जरा बाजूला होता का.

खरेदीच्या दिवशी सही करण्याआधी सरांनी कागद दोनदा वाचला. तिनेही वाचला. घर दोघांच्या नावावर झालं, त्यामुळे आता भीतीही निम्मी निम्मी झाली, असं ती म्हणाली. हा टोमणा नव्हता, आणि सरांनाही तो तसा लागला नाही.

नव्या घरात निरीक्षकांनी सांगितलेलं सगळं जागच्या जागी होतं. ओल होती, नळ गळत होता, खालचे दुसऱ्याच दिवशी टेबल सरकवल्याच्या आवाजावरून भांडायला आले. तुतारीवाला जिन्यात भेटला तेव्हा अतिशय लाजाळू निघाला. मुलगी सुट्टीत आली, आपल्या खोलीची खिडकी उघडून मिटून बघितली, मी काही इथे राहणार नाहीये असं पुन्हा सांगितलं, आणि सलग बारा तास झोपली. आणि तिसऱ्या महिन्यात एका सकाळी सर वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात धावत आले. चेहरा उजळला होता. "बघ," ते म्हणाले, "पडले भाव. मी म्हणत नव्हतो?" वाक्य पुरं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग तिने तो कागद गळक्या नळाखाली अंथरला.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी लॅबमध्ये काम फार होतं. तीन कवळ्या त्याच दिवशी द्यायच्या होत्या, मान मोडून आली होती. संध्याकाळी तिने बस पकडली, खिडकीशी बसली, डोळे मिटले, नेहमीच्या थांब्यावर उतरली, भाजी घेतली, कोपरा वळून चार पायऱ्या चढली आणि पिशवीत किल्ली शोधायला लागली. किल्ली कुलपात जाईना. तिने उलटी करून घालून पाहिली. मग आतून कोणीतरी कपात चमचा ढवळल्याचा आवाज आला आणि एका अनोळखी बाईने कोण आहे म्हणून विचारलं.

ती वरच्यांच्या दारात उभी होती. म्हणजे त्यांच्या खालच्या, जुन्या घराच्या. एकोणीस वर्षांच्या पायांना खरेदीखत दाखवून उपयोग नसतो.

कोणी नाही, चुकून आले, असं ती म्हणाली आणि दार उघडायच्या आत खाली उतरली. बसची वाट न बघता चालायला लागली. नवं घर तिथून चाळीस मिनिटांवर होतं, हातात भाजी होती, बटाट्यांनी पिशवीचे बंद बोटांत रुतत होते. अर्ध्या वाटेत तिने पिशवी एका कट्ट्यावर ठेवून हात चोळले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं होती, दिवे लागत होते. कोणीतरी खिडकीतून चादर झटकून आत घेत होतं. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

तीन जिने चढून ती दारात पोचली तेव्हा सर दार उघडून उभेच होते. एवढा उशीर का झाला, त्यांनी विचारलं.

"बस उशिरा आली," ती म्हणाली, आणि चप्पल काढून आत गेली.